सुरावट तीच, आधार वेगळा

जुन्या प्रेमाच्या आठवणीवर एकट्या गिटारसाठी रचना कशी बांधायची, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रं जागेसाठी आवरली आहेत. उत्तरांमध्ये सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. '३/२' असं लिहिलं असेल तर तिसरी तार, दुसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी). '३/०' म्हणजे तिसरी तार मोकळी. जिथे सरगम आहे तिथे डी हा षड्ज धरला आहे.

प्रश्न : काही वर्षं फिंगरस्टाइल वाजवतो आहे. कॉलेजात असतानाच्या एका नात्यावर, शब्दांशिवाय, फक्त गिटारवर काहीतरी करायचं मनात आहे. वाजवायला बसलं की ए मायनर, एफ, सी, जी हेच चक्र सुरू होतं. ते उदास वाटतं, पण आठवणीसारखं वाटत नाही. सुरुवात कुठून करावी? (सातारा)

त्या चक्रात वाईट काही नाही. पण चार बारांत (बार म्हणजे मात्रांचा एक गट) ते परत पहिल्या जागी येतं आणि प्रत्येक फेरीत ऐकणाऱ्याला तेच सांगतं. आठवणीत ओळखीची गोष्ट परत भेटते आणि दर वेळी तिचा अर्थ जरा सरकलेला असतो. त्यासाठी ऐकणाऱ्याला आधी ओळखायला काहीतरी द्यावं लागतं. म्हणून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बाजूला ठेवा आणि चार स्वरांची एक ओळ शोधा. गिटार हातात नसताना गुणगुणता आली तरच ती ठेवा. सात-आठ स्वरांची ओळ पहिल्या फेरीत लक्षात राहत नाही, आणि ती लक्षात राहिली नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

ओळ ठरली की एकच नियम कडकपणे पाळा : रचना संपेपर्यंत ओळीचे स्वर बदलायचे नाहीत, बदलायचा तो खालचा आधार. खाली एक उदाहरण पूर्ण देतो. ते जसंच्या तसं वाजवून बघा, मग त्यात तुमची ओळ घाला.

सहावी तार ईवरून डीपर्यंत उतरवा. थेट डीवर थांबू नका. थोडं खाली जाऊन मग वर चढवत डीवर या, नाहीतर सैल केलेली तार वाजवता वाजवता सुरातून सरकते. सहाव्या तारेचं बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) चौथ्या मोकळ्या तारेशी जुळलं पाहिजे. लय तीन मात्रांची, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६६ वर, म्हणजे मिनिटाला ६६ मात्रा.

ओळ अशी : ग प ग रे. पहिल्या बारमध्ये ग (१/२), प (१/५), ग (१/२), प्रत्येकी एक मात्रा. दुसऱ्या बारमध्ये रे (१/०), तीन मात्रा धरून. ही ओळ षड्जावर येत नाही, त्याच्या एक पायरी वर थांबते. काहीतरी म्हणायचं राहून गेलं, ही भावना त्या रेमधून येते. सगळं काम तोच करतो. ओळ षड्जावर संपवली तर ती पहिल्याच फेरीत पूर्ण होते, आणि पूर्ण झालेल्या वाक्याकडे परत जायचं कारण उरत नाही.

आता आधार. साथीचा साचा साधा ठेवा : पहिल्या मात्रेला बेस आणि सुरावट एकत्र, आणि प्रत्येक मात्रेच्या अर्ध्यावर आतल्या तारेचा एक हलका स्वर, क्रमाने ४, ३, ४. दुसऱ्या बारमध्ये आतले स्वर पहिल्या दोन मात्रांपुरतेच. तिसरी मात्रा रिकामी सोडा. ती भरायचा मोह प्रत्येकाला होतो, भरू नका.

पहिल्यांदा ओळ डी कॉर्डवर : बेस ६/०, तर्जनी ३/२ वर, मधलं बोट १/२ वर, करंगळी १/५ साठी. इथे रे हा षड्जाचा नववा आहे, तरंगतो, पण दुखत नाही. दुसऱ्यांदा बी मायनरवर : मधलं बोट ५/२ वर, अनामिका २/३ वर, तर्जनी १/२ वर, करंगळी पुन्हा १/५ साठी. इथे तिसरी तार वाजवायची नाही, आतले स्वर ४, २, ४. तोच रे आता बेसपासून चौथा होतो आणि परका वाटायला लागतो. तिसऱ्यांदा पहिला बार जी वर, दुसरा ए वर. जी साठी अनामिका ६/५ वर. सहावी तार उतरवलेली असल्यामुळे जी पाचव्या फ्रेटवर गेला आहे; सवयीने तिसऱ्या फ्रेटवर बोट पडलं तर एफ वाजतो. ए साठी ५/०, ४/२, ३/२. इथे रे बेसचा पाचवा होतो, म्हणजे पहिल्यांदाच निवांत बसतो.

चौथ्यांदा पहिला बार जी, आणि दुसऱ्या बारमध्ये अनामिका ६/५ वर तशीच ठेवून तर्जनी १/२ वरून उचलून ३/३ वर. दुसरी तार वाजवायची नाही, ती मोकळी वाजली तर बी आणि बी फ्लॅट एकमेकांवर आदळतात. हा जी मायनर सिक्स्थ. साच्याप्रमाणे आतली चौथी तार आधी येते आणि तिसरी मागून, म्हणून रे आधी ओळखीचा ऐकू येतो आणि दीड मात्रेनंतर त्याच्या खाली कोमल धैवत उतरतो. पुढच्या डीला तीच तर्जनी ३/३ वरून ३/२ वर एक फ्रेट घसरते, धैवत पंचमावर येतो. संपूर्ण रचनेत ही जागा दोनदाच वापरा. तिसऱ्यांदा आली की ती युक्ती म्हणून ओळखू येते.

मांडणी : ४ बार प्रवेश (फक्त डीची साथ, सुरावट नाही), ८ बार ओळ चार वेळा, पण चौथी वेळ कोमल धैवताशिवाय, साध्या डीवर. पुन्हा ८ बार, या वेळी चौथ्यांदा जी मायनर सिक्स्थसह. मग ८ बारांचा मधला भाग. त्यात ओळ अजिबात येऊ द्यायची नाही. बेस पाचव्या मोकळ्या तारेवर आठही बार धरून ठेवा, वर दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर सुटे स्वर चढत न्या आणि रचनेतला सर्वांत उंच स्वर इथे एकदाच लावा, १/१० वरचा तार षड्ज पुरेसा आहे. खालच्या पंचमामुळे कानाला डीची ओढ लागते. ८ बार परतीचे, त्यात दुसरा कोमल धैवत. शेवटी ४ बार : ग प ग वाजवा आणि रे वाजवूच नका. त्या जागी ६/० आणि चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारांची सातव्या फ्रेटवरची हार्मोनिक्स. ती ए, डी, एफ शार्प अशी येतात, म्हणजे डी कॉर्डच. एकूण ४० बार, ६६ च्या लयीत पावणेदोन मिनिटांहून थोडं जास्त. याहून लांब करायची गरज नाही.

हात लहान असेल आणि ६/५ धरून १/२ पर्यंत ताण पडत असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावा. फ्रेटमधलं अंतर कमी होतं, बोटांच्या जागा त्याच राहतात.

प्रश्न : विरहाची रचना मायनरमध्येच असावी ना? तुमच्या आधीच्या एका उत्तरात मेजरची शिफारस होती म्हणून विचारते. (नाशिक)

असावी असं नाही, आणि आमचं मत मेजरकडे झुकतं. सुरुवातीपासून मायनर असलेली रचना ऐकणाऱ्याला पहिल्याच बारमध्ये निकाल सांगून टाकते. मेजरमध्ये आधी त्या काळातलं सुख दाखवता येतं आणि मग ते हातातून निसटतं.

स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा याच्या दोन रचना शेजारी ठेवून ऐका. 'लाग्रिमा', म्हणजे अश्रू, ही ई मेजरमध्ये सुरू होते, मधला भाग ई मायनरमध्ये जातो आणि पुन्हा पहिला भाग येतो. लिहिलेले बार जेमतेम १६. परत आलेला मेजर स्वरांनी तोच असतो, पण आता तो वेगळा ऐकू येतो. 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा' उलट वाटेने जाते : ए मायनरमधून ए मेजरमध्ये, आणि मेजरमध्येच संपते. पहिलीत दुःख मधे आहे, दुसरीत ते मागे पडतं. तुमच्या आठवणीचा कल यातला कोणता, हे आधी ठरवा. स्केल त्यातून आपोआप ठरते. दोन्ही रचना शिकायला अवघड वाटल्या तर निदान 'लाग्रिमा' शिका. ती हाताच्या आवाक्यातली आहे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हे नवं नाही. शुद्ध गंधार आणि कोमल धैवत एकत्र आले की काय होतं, ते नटभैरवात आणि चारुकेशीत ऐकू येतं. वरच्या उत्तरातला जी मायनर सिक्स्थ म्हणजे म, कोमल ध, सा, रे. गंधार शुद्ध असल्यामुळे कान मेजरमध्येच राहतो आणि धैवत मात्र खाली ओढतो. ते दोन स्वर एका रचनेत भेटणं, मायनरच्या चार कॉर्डपेक्षा जास्त बोलतं.

प्रश्न : रचना जमली आहे, पण मित्र म्हणतात सुरावट ऐकूच येत नाही, नुसती साथ ऐकू येते. मी तर पहिली तार जोरात वाजवतो. (ठाणे)

जोर वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण बहुतेक वेळा खालच्या तारांची असते. जाड तारा गुंडाळलेल्या आणि वजनदार असतात, जास्त वेळ घुमतात. त्यात सहावी तार डीपर्यंत उतरवली असेल तर तिचा घुमारा आणखी वाढतो. दोन गोष्टी तपासा.

पहिली, मागचा बेस बंद होतो का. डीवरून बी मायनरला जाताना ५/२ वाजवलं आणि सहावी मोकळी तार तशीच घुमत राहिली, तर ऐकणाऱ्याला बी मायनर पोचतच नाही. खाली डी चालूच असतो. आधार बदलण्यावर उभी असलेली रचना इथेच कोसळते. अंगठ्याने पाचवी तार छेडल्यावर लगेच त्याची कड सहाव्या तारेला टेकवा. उलट जाताना, म्हणजे एवरून डीला येताना, पाचवी बंद करायला डाव्या हाताचं मोकळं बोट वापरा. हा सराव सुरावटीशिवाय, फक्त बेस वाजवून, ५० च्या लयीत करा. दोन बेसमध्ये एकही क्षण दोन्ही स्वर एकत्र ऐकू येता कामा नयेत.

दुसरी, स्वर कसा छेडता. सुरावटीचा स्वर अनामिकेने रेस्ट स्ट्रोकने घ्या, म्हणजे बोट तार ओलांडून दुसऱ्या तारेवर टेकेल. आवाज गोल आणि भरीव येतो. मात्र बी मायनरमध्ये दुसरी तार साथीला लागते, तिथे रेस्ट स्ट्रोक तिला दाबून टाकतो. त्या दोन बारांत फ्री स्ट्रोक, म्हणजे बोट शेजारच्या तारेला न टेकवता, घ्या आणि बोट थोडं खोल घाला. अंगठा नखाऐवजी मांसल भागाने वाजवा. आतल्या तारांना तर्जनी आणि मधलं बोट फक्त स्पर्शापुरतं. प्रमाण सांगायचं तर सुरावट दहापैकी आठ, बेस पाच, आतले स्वर तीन. बहुतेकांचे आतले स्वर सहा-सातवर असतात आणि कोणालाच ते जाणवत नाही, कारण वाजवणाऱ्याचं लक्ष सुरावटीवर असतं.

नखं बोटाच्या टोकापासून एक ते दीड मिलिमीटर बाहेर पुरतात. कड खरखरीत असेल तर स्वराआधी 'खर्र' येतो. ६०० ग्रिटच्या आणि मग त्याहून बारीक पॉलिश पेपरने घासा. फोन दोन मीटर लांब ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐका. गिटार मांडीवर असताना जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवू नका, तिथे बेस नेहमी जास्त जाणवतो.

प्रश्न : घरात मांडो ऐकत मोठी झाले. त्यातली आर्तता गिटारच्या रचनेत आणता येईल का? मांडोची चाल उचलायची नाही. (मडगाव)

येईल, आणि चाल न उचलण्याचा निर्णय योग्य आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात घडलेल्या या कोकणी गाण्यात विरह हा मुख्य विषय आहे. घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिनची साथ, संथ सहा मात्रांचा हेलकावा आणि एकमेकांना धरून चालणारे दोन आवाज. शेवटच्या दोन गोष्टी गिटारवर सहज उतरतात.

सहा मात्रांसाठी वरच्या उदाहरणातले दोन बार एकच समजा. ग प ग रे ही ओळ बरोबर सहा मात्रांत बसते. पहिल्या मात्रेवर वजन द्या, चौथीवर त्याहून कमी. तीन-तीन असं समान ठोकलं तर वॉल्ट्झ ऐकू येतो.

दोन आवाजांसाठी सहाव्या स्वराच्या अंतराने जोडी लावा, पहिल्या आणि तिसऱ्या तारेवर. ग ला ३/२ आणि १/२ एकत्र. प ला ३/६ आणि १/५. परत ग. रे ला दोन्ही तारा मोकळ्या. मधली दुसरी तार वाजू नये म्हणून तर्जनीने तिसरी आणि अनामिकेने पहिली, चिमटीत धरल्यासारखी एकाच वेळी उचला. खाली ६/० आणि ४/० पुरे. डाव्या हाताने ३/२ वरून ३/६ ला जाताना एकच बोट तारेवर हलकं ठेवून सरकवा. दाबून नेलं तर गुंडाळलेल्या तारेवर किंचाळी उमटते. तिसरी तार नायलॉनच्या गिटारवर साधी असल्यामुळे हा त्रास तिथे कमी.

ही जोडी पहिल्या फेरीत वापरू नका. पहिल्यांदा ओळ एकट्या आवाजात यावी, परतीच्या आठ बारांत दुसरा आवाज तिला येऊन मिळावा. विषय पाहता याचा उलट क्रमही चालेल : आधी दोन आवाज, शेवटी एक. आम्हाला हा दुसरा क्रम जास्त भिडतो.

प्रश्न : तिच्या आवडत्या चित्रपटगीताच्या दोन ओळी माझ्या रचनेत घालाव्यात का? आणि तिच्या नावावरून सुरावट करता येते असं ऐकलं, ते कसं? (अमरावती)

गाणं घालू नका. एक कारण कायद्याचं : आपल्याकडे संगीतरचनेवरचा हक्क रचनाकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. घरी वाजवायला अडचण नाही, प्रसिद्ध करताना परवानगी लागते. पण मोठं कारण संगीतातलं आहे. ओळखीचं गाणं आलं की ऐकणाऱ्याला त्याची स्वतःची आठवण होते, तुमची रचना तिथेच थांबते. त्या गाण्यातून काही घ्यायचंच असेल तर एखादी लयीची ठेवण घ्या, किंवा त्याच्या पहिल्या दोन स्वरांमधलं अंतर.

नावाची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट शुमानची पहिली प्रकाशित रचना 'आबेग' या आडनावातल्या अक्षरांच्या स्वरांवर बांधलेली आहे : ए, बी फ्लॅट, ई, जी, जी. आपल्याकडे सरगम हाताशी असल्यामुळे हे आणखी सोपं आहे. समजा नाव मानसी आहे, तर म, नी, सा. इथे एक निवड करावी लागते. शुद्ध निषाद घेतला तर म ते नी सहा अर्धस्वरांची उडी होते, गायला कठीण आणि कानाला टोचणारी. कोमल निषाद घेतला तर पाच अर्धस्वर, अगदी सहज : ३/०, २/१, २/३. वर सांगितलेला कोमल धैवतही वापरणार असाल तर कोमल निषाद आणि शुद्ध गंधार यांच्यासह पूर्ण चारुकेशीच तयार होते, सगळं एका रंगात बसतं.

नावात सरगमीची अक्षरं नसतील तर लघु-गुरू घ्या. लघुला अर्धी मात्रा, गुरूला एक. 'सुलोचना' म्हणजे लघु, गुरू, लघु, गुरू : अर्धी, एक, अर्धी, एक, बरोबर तीन मात्रांचा एक बार. स्वर तुमच्या मनाचे, लय नावाची. ऐकणाऱ्या कोणालाच हे कळणार नाही, आणि तसंच असावं. शीर्षकात मात्र नाव टाकू नका. त्या व्यक्तीचं आजचं आयुष्य वेगळं आहे आणि तिला विचारलेलं नाही.

प्रश्न : अशा रचनेत ट्रेमोलो (एकच तार भराभर छेडून सलग भासणारा स्वर) हवाच असं वाटतं, पण माझा घोड्याच्या टापांसारखा वाजतो. (पुणे)

हवाच असं नाही. या विषयाला पुष्कळदा सुटे, टिकणारे स्वर जास्त न्याय देतात. तरी शिकायचा असेल तर : क्रम अंगठा, अनामिका, मधलं, तर्जनी. टापा वाजतात कारण तीन बोटं एका झटक्यात पडतात आणि अंगठ्याआधी फट राहते. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून, स्वराशिवाय, ६० च्या लयीत मात्रेला चार टोले द्या. एका दिवशी अनामिकेवर जोर, दुसऱ्या दिवशी मधल्यावर, तिसऱ्या दिवशी तर्जनीवर. सराव पहिल्या तारेऐवजी दुसऱ्या तारेवर करा. दोन्ही बाजूंना तारा असल्यामुळे बोट भरकटलं की लगेच कळतं. चारही टोले सारखे झाल्याशिवाय लय वाढवू नका, आणि वाढवाल तेव्हा चार-चारनेच. १२० च्या पुढे गेलं की कानाला सलग स्वर वाटायला लागतो.

प्रश्न : मेट्रोनोमवर वाजवलं की यंत्रासारखं होतं, मेट्रोनोम बंद केला की लय विस्कटते. (कोल्हापूर)

लय सगळीकडे सैल सोडली की ती विस्कटतेच. कुठे थांबायचं ते कागदावर लिहून ठेवा. चाळीस बारांच्या रचनेत तीन-चार जागा बस : प्रत्येक आठ बारांच्या शेवटच्या रेवर, आणि कोमल धैवत येण्याआधी किंचित. ताल तिथे ताणा आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला मूळ लयीत या. सवय लावायला मेट्रोनोम २२ वर ठेवा, म्हणजे प्रत्येक बारला एकच ठोका येईल. आतल्या तीन मात्रा तुमच्या, पण बारची सुरुवात पळवता येणार नाही. इतका कमी आकडा ॲपवर नसेल तर ४४ ठेवून एकाआड एक ठोका मोजा. परतीच्या आठ बारांत सगळी लय ६६ ऐवजी ६० वर आणली तर चालते. मधला भाग मात्र पुढे रेटा, तिथे रेंगाळलात तर परतीला काही उरत नाही.

प्रश्न : फोनवरच रेकॉर्ड करायचं आहे. पावसाळ्यात गिटारचा आवाजही बसल्यासारखा वाटतो. (रत्नागिरी)

आधी गिटार. दमट हवेत लाकूड पाणी शोषतं, वरची पाटी फुगते, तारा फ्रेटपासून वर जातात आणि स्वर मंद होतो. केसमध्ये हवेतला ओलावा मोजणारं छोटं यंत्र ठेवा. ४५ ते ५५ टक्के चांगलं. सिलिका जेलच्या पुड्या तीन-चार, लाकडाला न टेकता, आणि केस बंद. पुड्या ओल्या झाल्या की बदला. स्टीलच्या तारा गंजून काळवंडल्या असतील तर रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी बदला. आदल्या रात्री घातलेल्या तारा सूर धरत नाहीत आणि नको तितक्या चमकतात. या रचनेला १२ च्या गेजचा (तारेच्या जाडीचा आकडा) फॉस्फर ब्राँझ सेट बरा. त्याहून हलक्या सेटमध्ये डीला उतरवलेली सहावी तार फ्रेटवर थडथडते.

फोनचा माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, ३० सेंटिमीटरवर. आवाजाच्या भोकासमोर ठेवला तर खालचा डी सगळं गिळून टाकतो. पंखा बंद, खिडक्या बंद, मागे गाद्या किंवा कपड्यांचं कपाट. फोन फ्लाइट मोडवर. रेकॉर्डरमध्ये वेव्ह फाइल निवडता येत असेल तर ती निवडा, आणि आपोआप आवाज वर-खाली करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर रिकाम्या सोडलेल्या तिसऱ्या मात्रेत खोलीची सरसर वर येते. सूर लावा, दहा मिनिटं वाजवा, पुन्हा सूर लावा, मग रेकॉर्ड करा. शेवटची हार्मोनिक्स वाजवल्यावर तारा पूर्ण विझेपर्यंत हात हलवू नका आणि त्यानंतर पाच सेकंद मोजून रेकॉर्डर थांबवा, म्हणजे शेवट कापायला जागा मिळते.